सोळावं पान

त्या गुरुवारी सुलेमान खतीबांनी सकाळी दोन बोरू छाटले, नखावर टेकवून त्यांची टोकं पाहिली आणि काहीच न लिहिता ते कलमदानात परत ठेवून दिले. आज हात जड आहे, म्हणाले. त्यांच्या लेकीने, रुकय्याने ऐकलं आणि ती तांदूळ निवडत राहिली. हात जड होण्याला आता वर्ष होत आलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून बावा रोज पडवीत बसायचे, कागद पुढे ओढायचे, आणि ऊन उंबऱ्याला लागलं की सगळं आवरून ठेवायचे. त्या दिवशी वेगळं असं काही नव्हतं.

शाबानचा महिना होता. शाबान लागला की मुरूडच्या त्या मोहल्ल्यातल्या घराघरांतून कुराणाची फाटलेली, कसर लागलेली पानं खतीबांकडे येत. अल्लाचा कलाम लिहिलेला कागद चुलीत घालायचा नसतो आणि उकिरड्यावरही टाकायचा नसतो. खतीब एकेक पान निरखत. जोडण्याजोगं असेल ते खळ लावून जोडत, उरलेली पानं मांजरपाटाच्या एका जाड पिशवीत भरत. रमजानचा चांद दिसायच्या आत एखादी ओहोटी धरून शिवदास कोळी ती पिशवी आपल्या होडीतून पद्मदुर्गाच्या पलीकडे न्यायचा आणि आत दोन धोंडे घालून समुद्रात सोडायचा. सोडताना डोक्याचं फडकं काढून हातात धरायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा बाप तसं करायचा म्हणून तोही करायचा.

शिवदास त्या दिवशी दुपारी पिशवीची चौकशी करायला आला. पडवीच्या पायरीवर टेकला आणि पिशवी हाताने उचलून पाहिली.

"खतीबबाबा, औंदा लय हलकी हाय. लोकांनी वाचायचं सोडलं का काय?"

"वाचतात रे. मुंबईचा छापील कागद हल्ली चिवट येतो," खतीब म्हणाले. "आणि माझी भर कमी पडली यंदा."

ही भर कसली, ते शिवदासला ठाऊक नव्हतं. रुकय्याला होतं. तिने मान वर केली नाही.

खतीबांच्या घरात पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात कापूर आणि कडुनिंबाचा पाला घालून पंधरा पानं ठेवलेली असत. खतीबांचे पणजे तांडेल होते. बसऱ्याहून खजूर भरून येताना कुणा आजारी मौलवीला त्यांनी गलबतावर घेतलं होतं. मौलवी वाटेतच वारला आणि ही पानं मागे राहिली. कागद नव्हता तो. कातडं होतं, तासून पातळ केलेलं, उभं कमी आणि आडवं जास्त. त्यावर तपकिरी शाईने कुराणातला एक भाग लिहिलेला होता, कूफी लिपीत. अक्षरं जाड, ठाण मांडून बसलेली, आणि काही तर अशी लांबवलेली की एका शब्दासाठी अर्धी ओळ खर्ची पडावी. नुक्ते जवळजवळ नाहीतच. जेर-जबरच्या, म्हणजे स्वरखुणांच्या, जागी कुठे कुठे तांबडा ठिपका. ओळ संपली की शब्द मधेच मोडून खाली उतरवलेला. ज्याला कुराण तोंडपाठ आहे, त्यालाच ते वाचता यावं. हजारभर वर्षांपूर्वीच्या कुणीतरी ते लिहिलं होतं आणि कुठेही आपलं नाव घातलं नव्हतं.

पानं मुळात सोळा होती.

अकरा वर्षांपूर्वी, शाबानातच, रुकय्या तेवीस वर्षांची होती. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. तो एडनला तापाने गेला आणि ती बापाच्या घरी परत आली, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. संस्थानच्या मराठी शाळेत ती शिकली होती. उर्दू बापाकडून आली होती. हाताला लागेल ते वाचायची, पण तेव्हा तिचं कशातच मन नव्हतं. बावा तापाने पडले होते, म्हणून पिशवी भरायचं काम तिने घेतलं. फाटक्या सिपाऱ्यांच्या, कुराणाच्या सुट्या भागांच्या, ढिगाखाली तिला कातड्याचा एक डागाळलेला तुकडा सापडला. एका बाजूला काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्या बाजूला शाईच्या खपल्या होत्या, चार-दोन मोडक्या रेघा. पेटीतली पानं तिने कधी हातात घेऊन पाहिली नव्हती; एखाद्या जुन्या बांधणीचं आतलं अस्तर असावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, काय सांगावं, त्या रेघा अक्षरांच्या असल्या तर? पायाखाली येण्यापेक्षा पाण्यात गेलेलं बरं. तिने तो तुकडा कपाळाला लावला आणि पिशवीत घातला. शिवदासने त्याच दिवशीची ओहोटी धरली होती.

ते सोळावं पान होतं. सगळ्यात शेवटचं, म्हणून सगळ्यात जास्त झिजलेलं. बावांनी ते डागडुजीला म्हणून पेटीबाहेर काढलं होतं आणि तेवढ्यात त्यांना ताप भरला होता.

हे तिला चार दिवसांनी कळलं. बावा उठले, पेटी उघडली, आणि पान शोधता शोधता तिला खुणा सांगू लागले. कातड्याला दोन बाजू असतात, एक केसांची आणि एक मांसाची. केसांची बाजू शाई धरून ठेवते, मांसाची बाजू सोडून देते. या पानावर तर पहिल्यापासून एकच बाजू लिहिलेली होती आणि ती नेमकी मांसाची. शाईच्या नुसत्या खपल्या उरल्या होत्या बघ, ते म्हणाले. रुकय्या उभी होती ती खाली बसली. बावांना वाटलं, पोर दमली. शोधणं राहू दे, तू नीज, म्हणाले.

त्याच क्षणी तिने सांगायला हवं होतं. ती उद्या सांगणार होती. पण दुसऱ्या दिवशी बावांच्या तोंडी इसहाक परकारांचं नाव आलं.

इसहाक परकार म्हसळ्याचे. मदरशात अरबी शिकवायचे, तरुणपणी दोन वर्षं मिसर देशात राहून आलेले. कूफी कशी वाचायची ते बावांना त्यांनीच शिकवलं होतं. वर्षातून दोनदा ते दिघीहून होडीने खाडी ओलांडून येत आणि आठ-आठ दिवस राहत. दोघं पेटीसमोर बसले की जेवायला चार हाका माराव्या लागत. त्या शाबानाच्या आधी आले तेव्हा त्यांनी एक पान मागितलं होतं. मुंबईला एका जाणकाराला दाखवून परत आणून देतो, म्हणाले. बावांनी नाही म्हटलं. इसहाक हसले आणि म्हणाले, "सुलेमान, एक दिवस उचलूनच नेईन." मित्राने मित्राला म्हणावं तसं ते बोलणं होतं. पान नाहीसं झालं आणि तेच बोलणं बावांच्या डोक्यात जाऊन बसलं.

त्यांनी आरोप असा केला नाही. मशिदीच्या पायरीवर एकदा एवढंच म्हणाले, की सोळावं पान म्हसळ्याला गेलं. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्या हसन मुकादमांनी ते उचललं. मुकादमांना कानाने कमी ऐकू यायचं. पण असली गोष्ट ते कधी चुकीची ऐकत नसत. परकार मास्तर पाहुणे आले की आधी पानं मोजून ठेवा, असं त्यांनी चारचौघांत म्हटलं आणि ते वाक्य होडीबरोबर खाडी ओलांडून म्हसळ्याला पोचलं. मदरशातली पोरं मास्तरांना पाठमोरं पाहून "सोळा" म्हणत, असं कुणीतरी येऊन सांगितलं. इसहाक परकार पुन्हा मुरूडला आले नाहीत. एकच चिठ्ठी आली, त्या पहिल्या वर्षी. तिच्यात होतं, मी नेलं नाही. बावांनी ती वाचली आणि पेटीत ठेवली. उत्तर पाठवलं नाही.

आणि रुकय्या गप्प राहिली. पहिल्या वर्षी भीती होती. दुसऱ्या वर्षी लाज वाटू लागली. पुढे ती लाजही घरकामात मिसळून गेली, विहिरीचं पाणी काढण्यासारखी. मोहल्ल्यातल्या मुलींना ती शिकवायला लागली, बावांची शाई कुटायला लागली. डोळे गेल्यावर त्यांना वाचून दाखवू लागली, त्यांची पत्रं लिहू लागली. लोक म्हणत, लेक असावी तर अशी. हे ऐकलं की ती आत निघून जायची.

बावांनी त्या अकरा वर्षांत जे केलं, ते मात्र तिला बसून पाहावं लागलं. गेलेल्या पानातल्या आयती त्यांना पाठ होत्याच. शब्द कुठे हरवतात, ते म्हणायचे, शब्द घराघरात आहेत. हरवला तो लिहिणाऱ्याचा हात. तो हात त्यांनी परत आणायचं मनावर घेतलं. उरलेली पंधरा पानं समोर ठेवून ते एकेक अक्षर गिरवू लागले. वर्षातून तीन-चारदा ते सबंध पान लिहून होई. मग पंधरांच्या शेजारी ठेवून बघत, आणि मान हलवत. अक्षर जमलं, सबुरी जमली नाही. तेही कुराणच, म्हणून फाडून टाकता यायचं नाही. ते पिशवीत जाई. अशी चाळीसेक पानं त्यांनी लिहिली असतील. सगळी त्याच पिशवीतून, त्याच पाण्यात, त्या पहिल्या पानाच्या मागे गेली. पिशवीचं तोंड रुकय्या शिवायची.

तर त्या गुरुवारी शिवदास पायरीवर बसलेला असताना खतीबांनी पेटी मागवली. पंधरा पानांवरून एकेक करून हात फिरवला. मग रुकय्याला म्हणाले, कोऱ्या कागदाचं एक पान याच मापाचं काप आणि शेवटी ठेव. कोरंच. आता मी लिहीत नाही. तिने कापून ठेवलं. ते कोरं पान त्यांनी बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "कागद घे. इसहाकला लिही."

तिने दौत ओढून घेतली. बावा सांगत गेले, ती लिहीत गेली. सलाम. तब्येतीची चौकशी. डोळ्यांचं वर्तमान. मग ते थांबले. शिवदास आपल्या पायाचं कातडं सोलत होता. त्याला उर्दू कळत नव्हती. बावा म्हणाले, लिही: आपण दोघंही आता काठाला आलो. सोळावं पान तुम्ही नेलं असेल तर ते तुम्हाला दिलं. माझ्या मनात काही ठेवलेलं नाही. अल्लानेही ठेवू नये.

रुकय्याने 'नेलं असेल तर' लिहिलं आणि बोरू शाईत बुडवला. गरज नव्हती; टोकाला शाई होती. एवढाच वेळ होता. बावांचा चेहरा खाली होता, हात पेटीवर होते, किती दिवसांनी ते असे सैल बसले होते. आज नको, तिच्या मनात आलं. शिवदास गेला की सांगू. जेवण झालं की सांगू. उद्या जुमा आहे, नमाजहून आले की सांगू. तिने पुढचं वाक्य लिहिलं.

"झालं?" बावांनी विचारलं.

"झालं."

शिवदासला संध्याकाळी सुकटीच्या पाट्या घेऊन दिघीला जायचं होतं. पत्र त्याने फडक्यात बांधलं. दिघीहून म्हसळ्याला जाणाऱ्या कुणाच्याही हाती देतो, म्हणाला. रुकय्याने ते स्वतः त्याच्या हातावर ठेवलं होतं. बावांनी रात्री तांदळाची अर्धी भाकरी खाल्ली, आमटी तिखट झाली म्हणाले, आणि लौकर निजले.

सकाळी ते वजू करायला, नमाजआधी हातपाय धुवायला, विहिरीकडे गेले. लोट्यातलं पाणी सांडल्याचा आवाज आला. लोटा उचलल्याचा आवाज आला नाही, म्हणून ती बाहेर गेली.

जुम्याच्या नमाजनंतर त्यांना नेलं. घरात दुसरा पुरुष नव्हता, म्हणून जनाज्यापाशी घरच्यांच्या वतीने जे बोलायचं असतं ते हसन मुकादम बोलले: मयताकडून कुणाचा हक्क मारला गेला असेल, कुणाचं मन दुखलं असेल, तर त्याने आत्ता सांगावं किंवा माफ करावं. रुकय्याने ते आतून, बायकांच्या गर्दीतून ऐकलं. माफ केलं, माफ केलं, असे आवाज आले. खतीबांनी कुणाचं काय वाईट केलं होतं, असंही कुणी म्हणालं. चुकलेली नमाज अल्ला माफ करतो. माणसाचा हक्क माणसानेच सोडावा लागतो. हे ती दर वर्षी मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवत होती.

तीन दिवस शेजारच्या घरांतून जेवण आलं. ती ताटं घ्यायची, धुऊन परत द्यायची. रडायला आलेल्या बायकांना पाणी द्यायची. तिला रडू येत नव्हतं, नुसती झोप येत होती, आणि पडलं की झोपही येत नव्हती. कोनाड्यात पिशवी तशीच होती. शिवदास येऊन पिशवीकडे बघून गेला होता.

पाचव्या दिवशी दुपारी तोच इसहाक परकारांना घेऊन आला. त्यांना दिघीहून त्याने आपल्या होडीतून आगरदांड्याला उतरवलं होतं आणि तिथून बैलगाडीत घालून आणलं होतं. रुकय्याने दाराआडून पाहिलं. तिच्या आठवणीत उंच माणूस होता. हा काठी टेकत, थांबत थांबत पायऱ्या चढत होता. पडवीत मुकादम आणि मशिदीतले दोघं-तिघं बसले होते. कुणीतरी सरकून जागा केली, जरा जास्तच लांब सरकून.

मयतासाठी फातेहा वाचून झाली. इसहाकनी डोळे पुसले, मग दाराच्या दिशेने हाक मारली.

"रुकय्या पोरी, आहेस ना? अक्षर तुझंच होतं. मी ओळखलं."

"होय चाचा," ती आतून म्हणाली.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पत्र काढलं. ते हाती पडलं त्याच दिवशी दुसऱ्याच्या तोंडून सुलेमान गेल्याची बातमी कळली, म्हणाले. आधी बातमी, मग पत्र. जनाज्याला पोचणं शक्य नव्हतं. पण जे तिथे बोलायचं राहिलं ते घरच्यांसमोर बोलायला आलो आहे. ते सावकाश बोलत होते, पायऱ्यांची धाप अजून उतरली नव्हती. सुलेमानने मला माफ केलं. मी न केलेल्या गोष्टीबद्दल केलं. वाचून राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, मी आता सत्तर वर्षांचा, आणि त्याच्यावर तर हे ओझं तसंच राहिलं. बेगुनाह माणसावर घेतलेला आळ मयताबरोबर कबरीत जातो. तो उचलणारा मी एकटाच आहे.

"म्हणून सांगतो, तू साक्षीला आहेस. सुलेमानने माझ्यावर आळ घेतला, तो मी त्याला माफ केला. आता हा विषय कुठे काढू नकोस. लोकांना वाटतं ते वाटू दे. माझं आता काय राहिलंय."

मुकादमांनी शेजारच्याला विचारलं, काय म्हणतात परकार. शेजारच्याने त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, माफी झाली. मुकादम म्हणाले, "चला, पान पचलं म्हणायचं." कुणीतरी खोकलं. इसहाकनी ऐकलं असावं. ते पत्राची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिले.

दाराची चौकट धरून रुकय्या उभी होती. तिला एवढंच दिसलं, की ज्या ओझ्याबद्दल हा म्हातारा बोलत होता ते एका म्हाताऱ्याकडून दुसऱ्याकडे आलं होतं. ते उचलायलाच तो दोन गावं ओलांडून, उन्हातून, अपमान करून घ्यायला आला होता. बावा गेले होते. आता हाही निघून जाईल. मग कुणाला काहीच सांगावं लागणार नाही. आळ मिटला, माफी झाली. पेटीत कोरं पान आहे. मुली उद्यापासून शिकायला येतील, आणि लोक म्हणतील, लेक असावी तर अशी.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, कोनाड्यातली पिशवी उचलली आणि पडवीत आली. बायकांपैकी कुणीतरी मागून हात धरला, तो तिने सोडवला. पुरुष चुळबुळले. ती इसहाकांच्या समोर, जमिनीवर बसली आणि पिशवी मधे ठेवली. बोलली ती अगदी हळू.

"चाचा, बावांनी तुमच्यावर आळ घेतला तो माझ्यामुळे. पान कुणी नेलं नव्हतं. ते मी या पिशवीत घातलं. मला कळलं नव्हतं ते काय आहे. चार दिवसांनी कळलं."

इसहाक तिच्याकडे बघत राहिले. पायरीवर बसलेल्या शिवदासने डोक्याचं फडकं काढलं होतं. अकरा वर्षांपूर्वीची पिशवी त्यानेच सोडली होती.

"सुलेमानला ठाऊक होतं?" इसहाकनी विचारलं.

"नाही."

"पत्र तू लिहिलंस. तेव्हाही?"

"तेव्हाही नाही सांगितलं."

त्यांनी डोळे मिटले. पत्राची घडी त्यांच्या मुठीत चुरगळली. मग ते इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मला कळलं. एवढं पुरे. आत जा पोरी. हे लोक तुला सोडायचे नाहीत."

मुकादम कानामागे हात धरून पुढे वाकले होते. "काय? काय म्हणते ती? मोठ्याने बोल की, बाय. आम्हाला काही ऐकू आलं नाही."

इसहाकनी नकारार्थी मान हलवली, तिच्यासाठी. आत जा, असा हात केला. रुकय्याने तो पाहिला. मग ती मुकादमांकडे वळली, आणि आतल्या बायकांना, पायरीवरच्या शिवदासला, विहिरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं,

"सोळावं पान परकार चाचांनी नेलं नाही. ते मी समुद्रात सोडलं. आणि बावा अकरा वर्षं ते पुन्हा लिहायला धडपडत होते, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून होते. त्यांना मी सांगितलं नाही."